रडण्याचं रजिस्टर

सकाळी ११.४०. केळं मोडलं. २२ मिनिटं. माणसं पाच.

माझ्या रजिस्टरातली ही पहिली नोंद. सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका होते. वजनांची, लसींची, गृहभेटींची, घरी न्यायच्या आहाराच्या (टीएचआर) पाकिटांची, किती रजिस्टरं भरली त्याला गणती नाही. निवृत्त झाले तेव्हा एक कोरं रजिस्टर घरी राहून गेलं. त्यात सख्ख्या नातीचं रडणं लिहायची वेळ येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. गावात माझी ख्याती काय, तर बाईंच्या हाती पोर दिलं की गप्प होतं!

लेक दुसऱ्या बाळंतपणाला जूनमध्ये माहेरी आली, कोकणात, नाट्याला. सोबत थोरली, दोन वर्षं चार महिन्यांची. आम्ही तिला बाय म्हणतो. जावई विरारला, नोकरीवर. पाऊस लागलेला, १ जूनपासून मासेमारी बंद, मुसाकाजी बंदरातल्या होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, आणि वीज दिवसातून चारदा जायची. विरारच्या दोन खोल्यांतून आलेल्या पोरीला सगळंच नवं. दिवसाही काळोख असलेलं माजघर, कौलांवरचा पावसाचा धडधडाट, पडवीत येऊन बसणारे बेडूक. आणि आईचं पोट, ज्याच्यावर आता चढून बसायचं नाही.

केळं सोलताना माझ्याच हातून मोडलं. दोन तुकडे झाले. बायने ते बघितलं, ओठ काढले आणि पडवीत अंग टाकलं. मी दुसरं केळं आणलं, नको. तेच हवं, पण अख्खं. आता मोडलेलं केळं कोण जोडणार? मी समजावलं, लेकीने समजावलं, आमच्या ह्यांनी कावळा दाखवला, शेजारची वहिनी धावत आली आणि म्हणाली, "गप्प ऱ्हव, नायतर पोलीस येतील." आमच्या गावात पोलीस ठाणं खरोखरच आहे, त्यामुळे ही धमकी इथे जरा जास्तच वापरली जाते. बायवर काही परिणाम नाही. टाचा आपटत, डोकं मागे टाकत ती रडत राहिली आणि शेवटी माझ्या मांडीवर हुंदके देत झोपून गेली.

त्या दिवशी मला एक गोष्ट लख्ख कळली. अंगणवाडीत मूल बसायला येतं ते तीन वर्षं पूर्ण झाल्यावर. त्याआधी आम्ही त्याचं वजन करतो, आहाराचं पाकीट घरी देतो, पण ते असतं आईच्या पदराला. दीड ते तीन या वयातला थयथयाट घराच्या भिंतींनी सोसलेला असतो. आमच्याकडे येईपर्यंत बहुतेक मुलांची ती लाट ओसरत आलेली असते. म्हणजे माझी ख्याती बरीचशी फुकटची होती.

लेक रडकुंडीला आली होती. "आई, ही दिवसभर रडते गं. तासतासभर." तास म्हटल्यावर माझ्यातली सेविका जागी झाली. आमच्या मुख्यसेविका म्हणायच्या, नोंद नाही तर घडलंच नाही. मी रजिस्टर काढलं, रकाने आखले: वेळ, कारण, किती मिनिटं, समोर माणसं किती.

चार दिवसांत पहिला भ्रम फुटला. तासभराचं रडणं घड्याळात अठरा-वीस मिनिटांचं निघायचं, कधी सहाच मिनिटांचं. ऐकणाऱ्याचं घड्याळ वेगळं चालतं. पण अठरा मिनिटंही काही कमी नव्हेत, आणि दिवसाला तीन-चार वेळा म्हणजे घरातली माणसं दमून जातात.

माझी एक भाची पुण्यात बालविकास शिकवते. तिला फोनवर रजिस्टराचं सांगितलं तर ती खूष झाली. म्हणाली, मावशी, हेच अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ नावाच्या बाईंनी केलंय. त्यांचं पुस्तक १९३१ सालचं. त्यांनी आयांना तक्ते भरायला दिले, मुलांच्या रागाच्या १,८७८ नोंदी जमवल्या. त्यातून निघालं ते असं: राग दुसऱ्या वर्षात सगळ्यात जास्त, मग झपाट्याने कमी. जेवणाच्या आधी उसळतो. पोट बिघडलं, सर्दी झाली की वाढतो. आणि घरात माणसं जास्त, पाहुणे आलेले असले की वाढतो.

मी रजिस्टर चाळलं. ११.४०. ११.३०. ११.५०. संध्याकाळी ७.१०. आमच्याकडे जेवण साडेबाराला. विरारला ती सकाळी साडेअकराला वरणभात खायची. हे लेकीला माहीत होतं, मला नव्हतं, आणि मी सासुरवाशिणीसारखी वेळापत्रक धरून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून अकराला वाटीभर पेज, वर मीठ आणि लोणच्याचा खार. अकराच्या पुढच्या नोंदी निम्म्या झाल्या. सत्तावीस वर्षं गावाला पोषण शिकवलं आणि घरात मूल भुकेजलंय हे कळायला मला तक्ता लागला.

माणसांच्या रकान्याने मात्र मला चक्रावून टाकलं. जिथे माणसं पाच, तिथे वीस मिनिटं. दोन असली की दहा-बारा. आणि जिथे 'एक' लिहिलं होतं आणि ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, तिथे चार. एकदा तर तीन.

सासूबाईंचं वय सत्त्याऐंशी. दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या. पडवीत बसून आठळ्या सोलायच्या, नाहीतर झाडूसाठी हीर काढायच्या. बाय त्यांच्यासमोर लोळण घ्यायची, किंचाळायची. त्यांना ऐकूच यायचं नाही. दिसायचं, पण त्या काही घाबऱ्या व्हायच्या नाहीत. पाय जवळ आला तर विळी उचलून पलीकडे ठेवायच्या. एवढंच. उठून जायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत, रागवायच्या नाहीत. थोड्या वेळाने बाय उठून त्यांच्या गुडघ्याला टेकायची, आणि म्हातारी एक हात तिच्या पाठीवर ठेवून दुसऱ्याने काम चालू ठेवायची. सगळं आटपल्यावर मला विचारायच्या, "निजलां काय गो पोर?"

सासूबाई फार ज्ञानी होत्या म्हणून हे होत होतं असं नाही. त्यांनी त्यांच्या मुलांना शिमटीने फोडून काढलेलं आहे, हे आमचे हे अजून सांगतात. हे निव्वळ बहिरेपणाचं फळ. पण ते फळ का मिळतं याचं उत्तर भाचीकडे होतं. मायकेल पोटेगल नावाच्या संशोधकाने २००३ साली दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांचे असे प्रसंग तपासले. तीन चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांच्या आत संपलेले. या थयथयाटात दोन गोष्टी गुंतलेल्या असतात. एक राग: किंचाळणं, लाथा, फेकाफेक. तो सुरुवातीलाच शिगेला जातो आणि उतरू लागतो. दुसरं दुःख: मुसमुसणं, कुशीत शिरायला बघणं. ते सबंध वेळ खाली चालूच असतं, राग उतरला की वर दिसतं. मूल सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटातच पाय आपटून जमिनीवर पडलं, तर तो प्रसंग सहसा लवकर संपतो. आपल्याला उलट वाटतं. लोळण घेतली म्हणजे आता काही खरं नाही.

रागाच्या शिखरावर असताना 'काय झालं? हे देऊ? ते देऊ?' असं विचारत राहणं म्हणजे फोडणी तडतडत असताना त्यात पाणी ओतणं. दोन वर्षांच्या मुलाला कळतं पुष्कळ, बोलता येतं थोडं. मेंदूचा जो पुढचा भाग आपल्याला स्वतःला आवरायला मदत करतो तो या वयात जेमतेम कामाला लागलेला असतो. पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते. त्या क्षणी प्रश्नाचं उत्तर शोधणं हे त्या डोक्याला झेपत नाही, मग तेही एक ओझं. पाच माणसांचे पाच प्रश्न म्हणजे पाच ओझी.

तेव्हा आम्ही घरात ठरवलं की सगळ्यांनी सासूबाई व्हायचं. म्हणजे कान मिटायचे, पण जागा सोडायची नाही. बाय पडली की एकाच माणसाने जवळ बसायचं, बाकीच्यांनी आपापल्या कामाला जायचं. बोलायचंच तर एकदा, छोटं: "केळं मोडलं. राग आला." एवढ्यावर थांबायचं. डोकं आपटेल अशी वस्तू बाजूला. एकदा ती भर पावसात खळ्यात जाऊन लोळली. तिथल्या जांभ्यावर शेवाळ असतं, पडलं की कपाळमोक्ष. तिथे बसून राहण्यात शहाणपण नव्हतं. एक अक्षर न बोलता उचलून पडवीत आणली आणि चिखलासकट खाली ठेवली. रडण्याला आमची हरकत नव्हती, फक्त जागा बदलली.

हे लिहिते तितकं सोपं नव्हतं. बघणाऱ्यांना ते दुर्लक्ष वाटतं. शेजारून सल्ले यायचे: दृष्ट काढा, मीठमोहऱ्या ओवाळा. मी ओवाळल्याही. मूल तेवढ्यात शांत झालं तर ओवाळणाऱ्याला श्रेय जातं. पाच मिनिटांत ते तसंही होणार होतं.

मागण्याचं रडणं निराळं, आणि त्यात आम्हीच गाढव ठरलो. मोबाईल. लेकीला डोहाळे, उलट्या. जेवताना बायच्या हातात फोन दिला की घास जायचा. पुढे फोन नाही म्हटलं की रडणं. आम्ही पंधरा मिनिटं नाही म्हणायचो आणि सोळाव्या मिनिटाला द्यायचो. मुसाकाजीच्या जेटीवर गळ टाकून बसलेली माणसं तुम्ही बघितली असतील. मासा कधीच लागत नसता तर ती घरी गेली असती. पण मधूनच एखादा लागतो, म्हणून माणूस दिवस मावळेपर्यंत हलत नाही. बायने आमच्यासमोर असाच गळ टाकला होता. सोळाव्या मिनिटाला फोन मिळतो हे तिला कळलं, आणि मग सोळा मिनिटं रडणं हा तिचा हिशेब झाला. यात लबाडी काही नाही, आम्हीच शिकवलेलं.

द्यायचं असेल तर पहिल्याच मिनिटाला द्या, नाही तर देऊच नका, असं लेकीशी ठरवलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०२१ साली सांगितलंय की दोन वर्षांखाली पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. आम्ही तासाचा अर्धा तास केला, तोही जेवताना नाही. पहिले तीन दिवस भयानक गेले. गळ बंद केल्यावर आधी रडणं वाढतं, हे आधी ठाऊक नसेल तर माणूस नेमका तिसऱ्या दिवशी हात टेकतो. पाचव्या दिवशी आमच्याकडे वीज गेली, रेंज गेली, त्यामुळे प्रश्नच मिटला. कोकणातल्या पावसाचा हा एक उपयोग.

सगळ्यात जास्त हलवून गेली ती रात्री ८.४५ ची रांग. रजिस्टरात ती वेळ वारंवार दिसायची, कारणाच्या रकान्यात काहीबाही: चादर, पाणी, चप्पल. एका रात्री पानं उलटताना लक्षात आलं की साडेआठला जावयाचा व्हिडिओ कॉल असतो. बाबा दिसायचा, हसायचा आणि मग बटण दाबलं की नाहीसा व्हायचा. दोन वर्षांच्या पोरीला तो कुठे गेला हे कोण सांगणार? मग चादर वाकडी आहे म्हणून ती अर्धा तास रडायची. ते चादरीचं नव्हतंच. आम्ही कॉल संध्याकाळी सहाला नेला आणि संपताना तिच्याच हाताने 'टाटा' करून बटण दाबायला दिलं. नंतर कॉल संपला की ती मला सांगायची, "बाबा ट्रेन." पुरेसं होतं तिला. चादरी सरळ झाल्या.

स्वतःच्या हाताने करायला मिळणं ही या वयातली केवढी मोठी गोष्ट आहे, हे आम्ही प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या नावाने घोकलं होतं. बोर्डीला १९४५ साली त्यांनी काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं, आदिवासी पाड्यांतल्या अंगणात बालवाडी भरवली. मुलाला करू द्या, घाई करू नका. परीक्षेत मी हे लिहिलं, गुण मिळवले आणि नातीचं केळं मात्र स्वतः सोलत बसले. आता केळं तिच्याच हातात देते, वरचं टोक तेवढं सैल करून. मोडलं तर तिचं तिने मोडलेलं.

गणपतीचं सांगायलाच हवं. बाळ ऑगस्टमध्ये रत्नागिरीला झालं, मुलगा, आणि मागोमाग गणपती. मुंबईचे चाकरमानी आले, घरात एकवीस माणसं. झांजा, आरत्या, जो येईल तो बाळाला बघणार आणि बायला विचारणार, "काय गो, आता तुझे लाड संपले ना?" हा विनोद कोकणात कुणी शोधून काढला असेल तो असो, पण तो बंद व्हायला हवा. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी बायने निरांजनावर हात मारला. मी ओढली तर ती माझ्या हाताला चावली, आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला.

रजिस्टरात आहे: रात्री ८.०५. ४६ मिनिटं. माणसं एकवीस. कारणाच्या रकान्यात मी 'निरांजन' लिहिलं, मग खोडून 'मी' लिहिलं.

त्या रात्री ती शेवटी माझ्याजवळ आली नाही. गर्दीतून वाट काढत पणजीच्या गुडघ्याशी गेली. ४६ मिनिटांतली शेवटची तीन तिथली.

सकाळी मी तिला सांगितलं, आजीने मारलं, आजी चुकली. कळलं असेल का माहीत नाही. तिने माझ्या हाताला जिथे चावली होती तिथे बोट लावलं आणि म्हणाली, "बाऊ." उरलेले तीन दिवस आरतीच्या वेळी कुणीतरी एकाने तिला घेऊन गडग्यापाशी पावसात छत्री धरून उभं राहायचं असा नेम केला. बहुतेक वेळा मीच राहिले. मलाही त्या झांजा जास्तच होत होत्या.

हे सगळं धडधाकट मुलाचं झालं. सेविका म्हणून काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. बहुतेक वेळा पंचवीस मिनिटांहून जास्त चालणारं, दिवसाला पाचाहून जास्त वेळा होणारं, स्वतःला चावून-आपटून घेणारं किंवा कुणी थोपवल्याशिवाय न थांबणारं रडणं चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. अंगणवाडीच्या वयातल्या, तीन ते सहाच्या मुलांवरच्या अभ्यासातून निघालेल्या या खुणा आहेत. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, येत असलेले शब्द गेले असतील, तर वाट बघू नये. कान तपासावे. ऐकू न येणारं मूल चिडचिडं होतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासायला येतं. तीन वर्षांखालच्या मुलालाही त्या दिवशी न्यावं. पुष्कळ आया नेत नाहीत, कारण 'आमचं अजून अंगणवाडीत नाही'.

आणि एक, श्वास कोंडणं. आमच्या वाडीतलं एक पोर रडता रडता श्वास धरायचं, ओठ निळे पडायचे, अंग लुळं. बाया कांदा फोडून नाकाला लावायच्या, तोंडावर पाणी मारायच्या. हे भीतीदायक दिसतं, पण सहसा मिनिटाच्या आत मूल आपसूक श्वास घेतं. कुशीवर निजवावं, तोंडात काही घालू नये, हलवू नये. पहिल्यांदा झालं की मात्र डॉक्टरांना दाखवावंच आणि रक्त तपासावं, कारण लोह कमी असलं की हे जास्त होतं आणि लोहाचं औषध दिलं की पुष्कळ मुलांत कमी होतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची दर शंभरातली ६९ मुलं रक्तक्षयाची निघाली. आशाताई लोहाच्या पातळ औषधाची बाटली देतात, आठवड्यातून दोनदा एक मिली. ती बाटली किती घरांत देवाच्या फळीवर भरलेली दिसते, ते मला विचारा.

आईकडेही बघावं. बाळंतपणानंतर लेक एकदा म्हणाली, "हिचा आवाज सुरू झाला की मला घर सोडून पळावंसं वाटतं." मी तिला तेव्हा काही शिकवलं नाही. बाळाला तेल लावलं, बायला घेऊन बाहेर गेले आणि तिला दोन तास झोपू दिलं. त्याने भागलं. नसतं भागलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फळीला चिकटवून ठेवलेला होता.

दिवाळीनंतर जावई न्यायला आला. रजिस्टरात तोवर नोंदी विरळ झाल्या होत्या; एका आठवड्यात दोनच. ती वाढली म्हणून, की आम्ही गप्प राहायला शिकलो म्हणून, हे माझ्या रकान्यांतून कळत नाही. दोन्ही असावं.

निघायच्या सकाळी गाडी यायला वेळ होता. मी पडवीत रजिस्टर घेऊन बसले होते, तर बायला माझं पेन हवं झालं. मी नाही म्हटलं. तिने अंग टाकलं. मी सवयीने घड्याळ बघितलं, जवळ बसून राहिले. सासूबाई पलीकडे हीर काढत होत्या. काही वेळाने ती उठली, डोळे पुसले आणि माझ्या मांडीत येऊन रजिस्टरावर बोट ठेवलं. मग मी पेन तिच्या हातात दिलं. तिने अख्ख्या पानावर गोल गोल काढले, माणसांच्या रकान्यातून कारणाच्या रकान्यात, तिथून समासाच्या बाहेर.

त्या वेळची मिनिटं लिहायची राहून गेली. पेन तिच्याकडे होतं.